गोटीचे हात

यंदा ऐन उन्हाळ्यात ढग आले. ओल्या फडक्याने कुणी आभाळ पुसावं आणि तसंच सोडून द्यावं, तसे मळकट. दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं, सावली झाली म्हणाले असते. आमच्या मिठागरावर मात्र सगळ्यांच्या नजरा आभाळाला चिकटल्या. मीठ उन्हावर पिकतं. वाफ्यात खारं पाणी घ्यायचं, ते आटू द्यायचं, तळाशी मीठ धरलं की लांब दांड्याच्या फळीने ओढून बांधावर काढायचं आणि रास घालायची. त्यावर एक दणकून सर आली की झालं, इतक्या दिवसांचं पाठ मोडून केलेलं काम परत समुद्रात.

मुकादम सकाळीच आमच्या दारात उभा राहिला.

"वहिनी, फळी उचला आता. सगळ्या बायका आल्यात. ढग बघताय ना?"

"बघतेय. पण पोरीला कुठे ठेवू?"

"घरात माणसं आहेत की. आणि पोरगी काय आता तान्ही आहे? अडीच वर्षांची घोडी झाली. आमच्याकडे एवढं पोर मला तोंडावर शिव्या देतं."

बोलून गेला आणि मग त्याच्या ध्यानात आलं. त्याने जीभ चावली, पायाने उगाच माती उकरली आणि "या लवकर" म्हणून चालता झाला. माझं डोकं गरम आहे हे सगळ्या मिठागराला ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी त्याला काय बोलणार? माझी पोरगी कुणालाच शिव्या देत नव्हती. ती एकही शब्द बोलत नव्हती.

तिला आम्ही गोटी म्हणतो. जन्मली तेव्हाच गोल गोल होती, मऊ, हातातून निसटेल अशी. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं की हिच्या पेशींमध्ये एक गुणसूत्र जास्त आहे. मला काही कळलं नाही. सासू शेजारी होती. तिने विचारलं, "जास्तच आहे ना? कमी तर नाही ना काही?" डॉक्टर हसले. मला तेव्हा तिचा असा राग आला होता! ही काय थट्टेची वेळ? पण म्हातारी थट्टा करत नव्हती, खरंच विचारत होती.

पुढे कळत गेलं. मान उशिरा धरेल, उशिरा बसेल, उशिरा चालेल, बोलणं तर सगळ्यात उशिरा. तालुक्याच्या दवाखान्यात एक बाई बसायची, पोरांना बोलायला शिकवणारी. आम्ही तिला बोलबाई म्हणायचो. तिने गोटीला जमिनीवर बसवलं, समोर चेंडू, वाटी, बाहुली ठेवली आणि म्हणाली, "बाहुली दे." गोटीने दिली. "चेंडू कुठेय?" गोटीने बोट दाखवलं.

"कळतं तिला सगळं," बोलबाई म्हणाली. "शब्द आत साठतायत. बाहेर यायचा रस्ता अवघड आहे. या मुलांची जीभ, ओठ सैल असतात, कानही कधी कधी भरलेले असतात. तोवर हातांनी बोलू द्या तिला. तुम्ही तोंडाने शब्द म्हणा आणि बरोबर हाताने खूण करा. दोन्ही एकदम. आणि मग थांबा."

"थांबू म्हणजे?"

"म्हणजे गप्प बसा. तिला वेळ द्या. मनात सावकाश आकडे मोजा हवं तर."

मला गप्प बसायला सांगणं म्हणजे वाऱ्याला सांगण्यासारखं आहे. माझा नवरा तिथेच फिस्सकन हसला. पण मी शिकले. अंगठा ओठाला लावला की पाणी. दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर टेकवली की अजून. तळवे उलटे केले की संपलं. गालावर हात म्हणजे आई, आणि वरच्या ओठावरून बोट फिरवलं की बाबा, कारण त्याला मिशी होती, दाट, काळी, जपलेली. माझ्यापेक्षा तोच लवकर शिकला. रात्रीच्या जेवणाला बसलं की मला खुणेनेच पाणी मागायचा, मी खुणेनेच "स्वतः घ्या" म्हणायचे.

सासू मात्र पहिल्या दिवसापासून नाक मुरडायची. "मुकी आहे का पोरगी? हातवारे कसले शिकवता?" पण चुलीपाशी बसून चोरून तीही खुणा करायची, उलट्या-सुलट्या. मी बघितलं होतं.

आणि गोटी शिकली! आधी पाणी, मग अजून, मग तर रोज काहीतरी नवं. एक खूण तर तिने स्वतःच्या डोक्याने काढली. मिठात काम करून पायांना चिरा पडतात, त्यात मीठ जातं, जीव नकोसा होतो. मी रोज संध्याकाळी पाय पसरून तेल चोळत बसायचे. एकदा गोटी समोर येऊन बसली, पाय वर केला आणि आपला चिमुकला तळवा चोळायला लागली, माझ्याकडे बघत. मला वाटलं पायाला काही टोचलं. मग कळलं, मला हाक मारतेय. गालावरचा हात तिने सोडून दिला आणि तेव्हापासून मी म्हणजे तळवा चोळणं. मी रडले त्या दिवशी. अहो, आई म्हणून हाक मारली होती मला, दोन वर्षांनी!

तर मुकादम गेला आणि मी फळी उचलली.

नवरा दारवाला होता. म्हणजे खाडीच्या तोंडाशी जे मोठं लाकडी दार आहे ते भरतीला उघडायचं, पाणी आत घ्यायचं, ओहोटी लागायच्या आत बंद करायचं. दोघेजण ते काम बघायचे. भरतीच्या वेळा बदलतात तशा त्याच्या वेळा बदलायच्या. पण बऱ्याचदा भर दुपारी तो घरी असायचा. "मी आहे ना, आई आहे," तो म्हणाला. "तू जा बिनधास्त. खुणा-बिणा मी करून घेईन तिच्याकडून." मी बिनधास्त गेले. त्याच्यावर नाही विश्वास टाकायचा तर कुणावर टाकायचा?

कामाचं काय सांगू. पहाटे जायचं, घोटाभर खाऱ्या पाण्यात उभं राहायचं. ढग असले तरी उजेड पांढरा, डोळ्यांत सुई टोचावी तसा. फळी पुढे टाकायची आणि कमरेतून मागे खेचायची, मिठाचा जाड थर करकरत येतो. मग टोपल्या भरून डोक्यावर. टोपलीतून खारं पाणी गळतं, मानेवरून पाठीत, पाठीवरून खाली, आणि जिथे जिथे कातडी सोलवटलेली असेल तिथे पेटतं. बायका एकमेकींची थट्टा करत काम ओढायच्या. ढगांना तोंडभर शिव्या द्यायच्या. मुकादम बांधावरून ओरडायचा, त्यालाही पाठीमागे शिव्या.

दुपारच्या सुट्टीत गडी पाण्याच्या पिंपाशी जमायचे. एकदा माझा नवरा दारावरून येताना दिसला आणि सगळ्या गड्यांनी एकाच वेळी वरच्या ओठावरून बोट फिरवलं. सगळ्यांनी, अगदी पांढऱ्या केसाच्या म्हाताऱ्यानेसुद्धा. आणि हसले. आधी कधीतरी तो गोटीला खांद्यावर बसवून दारावर घेऊन गेला होता, तेव्हा तिने बापाकडे बघून ती खूण केली असणार, तेवढं त्यांना पुरलं. नवराही हसला. माझ्याकडे मात्र त्याने बघितलं नाही. मी एकाला म्हटलं, "तुझ्या पोराला तू बाप म्हणून तरी ओळखू येतोस का रे? घरात असतोस कधी?" सगळे त्याच्यावर हसले आणि माझ्या मते विषय संपला.

दुसऱ्या दिवशी नवरा मिशी काढून घरी आला.

"हे काय?"

"उन्हात खाज सुटते."

इतकी वर्षं नाही सुटली ती खाज. पण मला हसू आलं, कारण मिशीच्या जागी पांढरा पट्टा दिसत होता. गोटी त्याच्याकडे बघत राहिली. तिने बोट ओठापाशी नेलं, अर्ध्यात थांबवलं, पुन्हा त्याच्या तोंडाकडे बघितलं. आम्ही सगळे हसलो. मी तर सगळ्यात जास्त हसले.

त्यानंतर कधी सुरू झालं मला नक्की सांगता येणार नाही. मी दमून यायचे, पाय धुवायचे, तेलाची वाटी घ्यायचे. गोटी समोर येऊन बसायची आणि नुसती बसून राहायची. तळवा चोळायची नाही. मला वाटलं, रुसली आहे, दिवसभर सोडून जाते म्हणून. मग एका संध्याकाळी ती पाण्याच्या मडक्यासमोर उभी राहून कुरकुरत होती. तहान लागली होती, ओठ सुकलेले दिसत होते. मी अंगठा ओठाला लावला. "पाणी? पाणी हवं?" आणि थांबले, शिकवल्यासारखी. तिने माझ्या अंगठ्याकडे बघितलं. दचकली. चक्क दचकली आणि दोन्ही हात फ्रॉकच्या आत ओढून घेतले.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अंगाचा तिळपापड झाला. सासू चुलीपाशी होती.

"काय केलंत तुम्ही माझ्या पोरीला?"

"मी?" सासू म्हणाली.

"मग कोण? हातवारे, हातवारे म्हणून पहिल्यापासून कुणाच्या पोटात दुखत होतं? मारलंत का तिच्या हातांवर? खरं सांगा. लाज वाटते ना तुम्हाला तिची? चार लोकांत दिसते म्हणून लाज वाटते. तुमच्या घरात नको होती अशी नात!"

आणखीही बरंच बोलले. तोंडाचा पट्टा सुटला की मला आवरता येत नाही. ती ज्या गोष्टी मला आजवर कधी बोलली नव्हती त्याही तिच्या तोंडी घातल्या. नवरा उंबऱ्यात बसून पायाचा चिखल खरवडत होता. हातातली काडी थांबली, पुन्हा चालू झाली.

"जाऊ दे ना," तो म्हणाला. "म्हातारं माणूस आहे. मी सांगतो तिला समजावून."

सासूने त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघत होती. मग उठली, आपली चटई काखेत मारली आणि बाहेरच्या पडवीत जाऊन टाकली. त्या दिवसापासून ती आमच्याबरोबर जेवायला बसली नाही. आमचं झाल्यावर एकटी बसायची, पाठ करून. मी मनात म्हणत होते, बरं झालं, लागलं म्हणजे.

बोलबाईकडे जायचा दिवस आला. नवऱ्याची भरतीची वेळ होती, मी एकटीच गेले. बोलबाईने तीच वाटी, तोच चेंडू मांडला. पेला धरला, अंगठा ओठाला लावला, थांबली. गोटी आपल्या दोन्ही हातांवर बसली होती. मांड्यांखाली हात घालून, घट्ट. पेल्याकडे बघत होती, आवंढे गिळत होती, पण हात काही काढेना.

"घरी करते का?"

"आधी करायची. आता विसरली."

बोलबाईने पेला लगेच गोटीच्या तोंडाला लावला, पाजलं, तोंड पुसलं. मग माझ्याकडे वळली. "विसरली नाहीये. विसरलेलं मूल हात असे लपवून ठेवत नाही. कुणीतरी थांबवतंय तिला."

"माझ्या सासूला आवडत नाही ते."

"त्यांना घेऊन या पुढच्या वेळी. रागवायला नाही, मी समजावून सांगते. लोकांना वाटतं हाताने भागलं की मूल बोलणार नाही. तसं नसतं. रांगणारं पोर चालायचं राहतं का? खुणेचा आधार घेऊनच शब्द येतो. आता हे हात बंद झाले, शब्द अजून आला नाही, म्हणजे तिच्याकडे काहीच राहिलं नाही बघा. आत सगळं आहे आणि सांगायला काही नाही."

मी गोटीला कडेवर घेऊन निघाले. गाडीत माझ्या खांद्यावर तिची लाळ गळत होती, ती झोपली होती, आणि झोपेत हात मोकळे होते. मी तिची बोटं धरून बसले. घरी गेल्यावर म्हातारीला सरळ करायचं, नाहीतर तिला लेकीकडे पाठवून द्यायची, असं सगळं वाटभर मनात घोळवत आले. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आईला कशाला पाठवायची? मी बघतो म्हटलं ना." आणि उठून दारावर निघून गेला.

ढग दाटत चालले. मुकादमाने घाई लावली. पुरतं पिकलेलं नाही तेही मीठ ओढून काढा म्हणाला. त्या घाईत बांधाच्या कडेचा शिंपला माझ्या टाचेत घुसला, चांगला खोल. रक्त आलं, त्यावर खारं पाणी. मी खालीच बसले. शेजारणीने फडकं बांधलं आणि मुकादमच म्हणाला, "जा वहिनी घरी. उगाच पिकेल."

मी भर दुपारी लंगडत घरी आले. दारातून आत बघितलं.

नवरा भिंतीला टेकून बसला होता. मांडीवर गोटी. तिचे दोन्ही हात त्याने आपल्या एका पंजात धरले होते, मनगटांपाशी, घट्ट. दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. तिच्या तोंडापासून वीतभर लांब.

"म्हण. पा-णी. म्हण ना बाळा. म्हटलंस की लगेच देतो. पा..."

आवाज प्रेमळ होता. तेच मला सोसत नाही अजून. ओरडत नव्हता, मारत नव्हता, लाडात बोलत होता. गोटी तोंड उघडत होती, मिटत होती. घामाने केस कपाळाला चिकटले होते. हात सोडवायची धडपड तिने कधीच सोडून दिलेली दिसत होती, हात त्याच्या पंजात मेल्यासारखे पडले होते. पडवीच्या दारात सासू उभी होती. "सोड रे आता. पुरे," ती म्हणाली.

"गप्प बस तू," तो म्हणाला आणि मान वळवली, तेव्हा मी दिसले.

मी जाऊन पेला हिसकावला, अर्धं पाणी सांडलं, उरलेलं गोटीला पाजलं. ती घटाघटा प्यायली.

"अगं, ऐक तरी," तो म्हणाला. "थोडं कडक राहायला लागतं. माझा दारावरचा जोडीदार सांगत होता, हाताने भागतंय तोवर जीभ हलायची नाही. त्याच्या मेव्हणीच्या पोराला असंच..."

"कधीपासून चाललंय हे?"

"अगं, येईल तिला. ओठ करते ती आता. तू बघितलंस ना, पा-पा असे ओठ करते."

"आणि नाही म्हटली तर पाणी देत नाहीस?"

त्याला मी आजवर कधी एकेरी बोलले नव्हते. त्याच्या लक्षात आलं. उत्तर सासूने दिलं.

"मी देते. हा भरतीला गेला की मी देते. रोज."

"आणि मला सांगितलं नाहीत?" मी तिच्यावर धावले. "मी एवढं बोलले तुम्हाला, वाट्टेल ते बोलले, ऐकून घेतलंत? का?"

"हा म्हणाला, तिला सांगितलंस तर पोरीला दारावर घेऊन जाईन आणि तिथे शिकवेन." म्हातारी सावकाश बोलत होती, माझ्याकडे न बघता. "तिथे खाली केवढं पाणी. हा दार उचलणार की पोरीला धरणार? म्हटलं, इथे निदान माझ्या डोळ्यांसमोर राहील. तुझं काय, तू मला बोलशील आणि संध्याकाळी परत घरीच येशील."

टाचेतलं रक्त जमिनीला लागत होतं. नवरा रडायला लागला होता. मिशी नसलेल्या तोंडाने रडताना तो कुणी दुसराच दिसत होता.

"मी येताना दिसलो की बोटं फिरवतात सगळे," तो म्हणाला. "रोज. तुला वाटलं थांबले. तू असलीस की थांबतात. मला मुकीचा बाप म्हणतात. मला एकदा तिच्या तोंडून बाबा ऐकायचं होतं. त्यात काय चुकलं माझं? बापाला एवढंही नको?"

मला त्याची कीव आली. खोटं कशाला सांगू, आली. त्या गड्यांच्या एकेकाच्या मुस्कटात द्यावीशी वाटली. पण त्याच्याकडे बघितलं की दुसरंच डोळ्यांसमोर यायचं. मी त्याच्या आईला वाट्टेल ते बोलत होते आणि हा उंबऱ्यात बसून चिखल खरवडत होता. म्हातारं माणूस आहे म्हणाला. समजावतो म्हणाला. दवाखान्यातून आले, बोलबाईचं बोलणं शब्दन्‌शब्द सांगितलं, तेही ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा पोरीचे हात धरले. ज्याने माझ्याबरोबर बसून एकेक खूण शिकली त्याने. केसाने गळा कापला माझा, आणि माझ्या हातून आपल्या आईचाही.

"तुझ्या आईची माफी मागते मी," मी म्हटलं. "तुझ्याशी मला बोलायचं नाही."

सासूची चटई मीच आत आणली. ती नको नको म्हणत होती. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "पाय धू आधी. चिखल भरलाय त्यात." आणि पाणी गरम करायला ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून मी गोटीला आणि सासूला बरोबर घेऊन कामावर जायला लागले. बांधावर चार काठ्या रोवून गोणपाटाची सावली केली. मुकादम काहीतरी म्हणायला आला होता, माझं तोंड बघून परत गेला. सासू तिच्याजवळ बसायची आणि आता उघड उघड खुणा करायची. पाणी, अजून, संपलं. बोटं वाकडी, तरी करायची. गोटी बघायची. एकदा तिने "अजून"साठी बोटं जुळवली, लगेच सोडवली आणि इकडेतिकडे बघितलं. तेवढ्यावर म्हातारी हरखली. मी फळी ओढता ओढता मान वळवून वळवून बघायचे. येईल परत, म्हणायचे. एवढं आलं, तर पुढचंही येईल.

ढग आले तसे निघून गेले. पाऊस पडलाच नाही. एक थेंब नाही. ज्या ढगांपायी मी पोरीला घरी टाकून फळी उचलली ते एका सकाळी बघते तर गायब, आणि ऊन पूर्वीसारखं रणरणतं. सगळे खुशीत. घाईने काढलेलं मीठ जरा ओलं होतं, ते वाळत पडलं. गडी राशींवर बसून गप्पा मारायला लागले.

त्या दुपारी सगळे पिंपाशी होते. नवराही होता, जरा बाजूला. घरात मी त्याला जेवण वाढत होते, कपडे धूत होते, बोलत नव्हते. सासू गोटीचं बोट धरून तिला पिंपाकडे घेऊन आली. ऊन कडक होतं, पोर लाल झाली होती. पिंपासमोर येऊन ती उभी राहिली. तोंड उघडलं, ओठ मिटले, पुन्हा उघडले.

"पा," गोटी म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"पा," पुन्हा. स्पष्ट, जोरात.

मग जो काही गलका झाला! मुकादम टाळ्या वाजवायला लागला. ओठांवरून बोटं फिरवणारे तेच गडी "बोलली, बोलली" म्हणून ओरडायला लागले. शेजारणीने मला मिठी मारली. नवरा धावत आला, गुडघ्यांवर बसला, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बघितलंस?" तो मला म्हणत होता. "ऐकलंस ना? मी सांगत नव्हतो? येईल म्हणून सांगत नव्हतो?" पांढऱ्या केसाचा म्हातारा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "शाबास रे! बापाने बोलतं केलं पोरीला."

अडीच वर्षं मी त्या शब्दाची वाट बघत होते. तो आला तर मी काय काय करेन याचे किती बेत केले होते! आणि मी फक्त तिच्या हातांकडे बघत होते. गोटीचे दोन्ही हात पाठीमागे होते. एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलेलं, घट्ट, त्याच्यासारखं. आता धरायला बापाची गरज उरली नव्हती.

मी पेला भरला आणि सगळ्यांना बाजूला सारून तिच्यासमोर बसले. माझी सावली तिच्या तोंडावर पडेल अशी बसले, म्हणजे तिला दुसरं कुणी दिसू नये. पेला खाली ठेवला. अंगठा ओठाला लावला.

"पाणी," मी म्हटलं. आणि थांबले. सावकाश आकडे मोजत थांबले.

गोटीने माझ्या अंगठ्याकडे बघितलं. मग माझ्या तोंडाकडे. माझ्याकडे बघतानाही तिच्या डोळ्यांत तेच होतं, मडक्यासमोर दचकली होती तेव्हाचं. हात तिने आणखी मागे ओढले, खांदे वर आले, आणि मला खूश करायला, पाणी मिळावं म्हणून, ती माझ्या तोंडावर मोठ्याने म्हणाली,

"पा!"

मागे पुन्हा टाळ्या झाल्या. मी पेला तिच्या ओठांना लावला. तिने धरायला हात पुढे केले नाहीत. पाणी संपेपर्यंत ती तशीच प्यायली, हात पाठीमागे बांधून, डोळे माझ्यावर ठेवून.